मूळ माप

१७ जून २०२४, सोमवार

पोचलो. कोल्हापूरहून रात्रीची गाडी, सकाळी सव्वासातला उतरलो, तिथून रिक्षानं बोम्मसंद्रा, म्हणजे शहराबाहेरची कारखान्यांची वसाहत. रिक्षावाल्यानं मीटर टाकला नाही, पण गप्पा फुकट मारल्या. त्याचं कन्नड मला निम्मं कळलं, माझं मराठी त्याला अजिबात नाही, तरी दोघंही खूश.

मालक पुरुषोत्तम शेटनी कारखान्याच्या गेटवर येऊन स्वतः बॅग घेतली. माणूस पंचेचाळिशीचा, पोट सुटलेलं, हसरा. घराणं मराठी, पण चार पिढ्या इथंच. वडिलांचं चिकपेटेत हार्डवेअरचं दुकान होतं. मराठी बोलतात ते आमच्या आजीच्या काळातलं, त्यात मधेमधे कन्नड. मला म्हणाले, “अण्णा, स्वल्प उपाहार करा, मग मशिनी पाहू.” प्रत्येक गोष्टीला ‘सरी सरी’, म्हणजे बरोबर बरोबर, म्हणतात. पहिल्या तासात मी सतरा मोजले.

कामाबद्दल लिहून ठेवतो. जुन्या गाड्यांच्या, म्हणजे सत्तरऐंशी वर्षांपूर्वीच्या इंजिनांचे भाग आता कुठं मिळत नाहीत. ज्यांच्याकडं अशा गाड्या आहेत ते जगभर ‘पाहिजेत, पाहिजेत’ करत हिंडतात. आपण झिजलेला भाग नमुना म्हणून घ्यायचा आणि त्यावरून नवा करायचा. ऐकायला सोपं. झिजलेल्या भागावरून झिजलेलाच भाग कुणीही करील. मूळ कारखान्यातून निघाला तेव्हा तो किती होता, हे ओळखणं म्हणजे काम. मी ओळखतो. नववीत शाळा सोडली, उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो, शिकवणारा कोणी नव्हता. आज डिग्रीवाले मला माप विचारतात.

नव्या जागी पहिल्या दिवशी मी माझा हात मोजून ठेवतो. ही सवय बावीस वर्षांची. हाताजवळ पट्टी नसली की अंगठा ही माझी पट्टी. उजवा अंगठा, पेराच्या सांध्यावर आडवा, मायक्रोमीटरनं: २१.६० मिलिमीटर. कातडं मऊ असतं, हे मला माहीत आहे. पण मायक्रोमीटरच्या टोकाचा रॅचेट दर वेळी तेवढाच दाब देतो, आणि माझं माप दर वेळी २१.६० येतं.

२० जून, गुरुवार

पहिलं काम मल्लेश्वरमचं. तुंगाबाई म्हणून ऐंशीच्या बाई, त्यांच्या यजमानांची १९३७ ची इंग्लिश गाडी. यजमान, कृष्णमूर्ती, वारले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून गाडी शेडमध्ये. बाईंना ती एकदा चालू झालेली ऐकायची आहे, बाकी काही नको. इंजिन उघडून झिजलेले भाग आम्ही घेऊन आलो. बाईंनी प्रत्येक भाग जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून दिला. अशी गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतं.

आज रॉकर शाफ्ट घेतला. व्हॉल्व्ह उघडझाप करणारे हात ज्या दांडीवर डुलतात ती दांडी. घासलेल्या जागी १५.६४. पण टोकाला, जिथं काहीच घासत नाही, तिथं मूळ माप अजून झोपलेलं असतं. तिथं १५.८८ मिळालं, म्हणजे पाच अष्टमांश इंच. झीज ०.२४. कागदावर दोन रकाने केले, ‘मिळालेलं माप’ आणि ‘मूळ माप’. मी असंच करतो.

ड्रॉइंग कॉम्प्युटरवर चढवायला वाणी मॅडम आहेत. चाळिशीच्या, डब्यात रोज चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात. मला सर म्हणतात. मी सांगितलं, सर नको, मी शाळा सोडलेला माणूस आहे. तर म्हणाल्या, मी शाळा पुरी केली सर, म्हणून तर टायपिंग करते.

२६ जून, बुधवार

शाफ्ट झाला. सगळीकडं १५.८८, दोन टोकांत एका शतांशाचा फरक नाही. शेट हातात घेऊन फिरवत राहिले.

संध्याकाळी हाताला जरा बधिरपणा. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला. लेथच्या कंपनानं होतं असं, जुन्या कारागिरांना सगळ्यांनाच होतं. मला आजवर झालं नव्हतं, एवढंच.

सवयीनं अंगठा मोजला. २१.३६.

मायक्रोमीटर बिघडला असं धरून स्लिप गेज, म्हणजे पक्क्या मापाचे ठोकळे, लावून तपासला. मायक्रोमीटर बरोबर आहे.

१ जुलै, सोमवार

गेटवरचं हजेरीचं यंत्र माझं बोट घेत नाही. तीनदा लावलं, तीनदा लाल दिवा. शेट हसले, म्हणाले कामवाल्या माणसांचे ठसे झिजतातच, त्यांच्या वडिलांना रेशन दुकानात असंच व्हायचं, तुम्ही वहीत सही करा. सही केली. बोट भिंगाखाली पाहिलं. रेघा नाहीत. पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत.

डॉक्टरकडं गेलो. साखर बरोबर, बाकी बरोबर, गोळ्या दिल्या. कापूस लावून विचारलं, कळतंय का. बोटांना कळत नव्हतं. कुठून कळतं ती जागा मी पेनानं आखून घेतली: बोटांच्या दुसऱ्या पेराला. डॉक्टरांना माझी रेघ आवडली नसावी.

बायकोला, वीणाला, फोनवर सांगितलं नाही. तिला फक्त सांगितलं की इथं हवा गार आहे. ती म्हणाली, तुम्ही हवा सांगायला लागलात म्हणजे काहीतरी लपवताय.

४ जुलै, गुरुवार

एक गोष्ट आठ दिवस लिहायची टाळत होतो.

शाफ्टची झीज ०.२४. अंगठा ०.२४ नं कमी.

योगायोग असेल तर तपासता येतो. आज वॉटर पंपाचा शाफ्ट होता. मिळालेलं माप १२.३९, मूळ १२.७०, झीज ०.३१. मी तो मुद्दाम १२.३९ चा केला. झिजलेल्याची झिजलेली नक्कल. आयुष्यात पहिल्यांदा. हात थरथरला नाही, हे नमूद करतो.

संध्याकाळी अंगठा २१.३६. तसाच.

म्हणजे चुकीचं केलं की काही होत नाही.

तो शाफ्ट बाकावर ठेवला. पंपात बसवला असता तर डगडगला असता, पाणी गळलं असतं. बाईंनी जुना शाफ्ट फडक्यात गुंडाळून दिला होता. ही नक्कल भंगारात टाकली.

५ जुलै, शुक्रवार

१२.७० चा केला. सुंदर झाला.

अंगठा २१.०५.

९ जुलै, मंगळवार

गजन पिना, चार. पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या. प्रत्येकीची झीज ०.०५, चारांची ०.२०.

अंगठा २०.८५. बाकीची बोटंही तेवढीच कमी, पण मी अंगठाच लिहितो. अंगठी सैल झाली, काढून पाकिटात ठेवली. बधिरपणाची रेघ मनगटावर आली आहे.

दुखत नाही. दुखलं असतं तर मी कदाचित थांबलो असतो.

हिशेब मांडला. या इंजिनाच्या उरलेल्या सगळ्या भागांची झीज मिळून ०.४५. म्हणजे शेवटी अंगठा २०.४०. एका इंजिनाला १.२०, एवढं एका माणसाच्या हातानं द्यायला हरकत नाही. शेटना किंवा मॅडमना काय सांगायचं? हात कागदावर ठेवून दाखवला तरी मिलिमीटरभर फरक कुणाच्या डोळ्याला दिसतो?

२२ जुलै, सोमवार

इंजिन चालू झालं.

मल्लेश्वरमला गेलो होतो, शेट आणि मी. सकाळचे अकरा, शेडसमोर ऊन. हँडल अर्धा फेरा फिरवलं आणि लागलं. असं इंजिन मी ऐकलेलं नाही. चालू आहे हे पंख्यावरून कळत होतं. तुंगाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, त्यांच्या यजमानांनी गाडी घेतली तेव्हाही ती इतकी गप्प नव्हती. मग शेटना त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि शेट मला म्हणाले, “बाई विचारतात, हे कुणाच्या हाताचं काम?”

मी हात पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. त्या हात दाबत होत्या, हे मला दिसत होतं.

इंजिनावर तळवा ठेवला. कंप आहे की नाही, कळलं नाही. झाकणावर दोन रुपयांचं नाणं उभं ठेवलं, उभं राहिलं. शेटनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतला. नंतर ते नाणं मला उचलता येईना. शेटनी उचलून दिलं, म्हणाले, “अण्णा, डोळ्यांत पाणी आलं वाटतं, दिसत नाही.” मी हो म्हटलं.

२०.४०. गणित बरोबर आलं. वाटलं, संपलं.

५ ऑगस्ट, सोमवार

शेटनी तो व्हिडिओ नेटवर टाकला आणि या इंजिनाच्या गाड्या ज्यांच्या ज्यांच्याकडं आहेत ते सगळे उठले. पुणे, कोइमतूर, श्रीलंका, इंग्लंड. सगळ्यांना पूर्ण सेट पाहिजेत. चाळीस सेटची ऑर्डर पक्की.

शेट पेढे घेऊन आले. म्हणाले, तुम्ही आता लेथला हात लावायचा नाही अण्णा, सगळं सीएनसीवर, कॉम्प्युटर कापेल, तुम्ही फक्त पाहायचं.

हे ऐकून मला बरं वाटलं. मशिनला हात नसतो.

वाणी मॅडमनी रॉकर शाफ्टचा कागद, माझी सही झालेला, आधीच चढवला होता. दुपारी पहिला नमुना शाफ्ट मशिनमधून पडला. मी तिथं नव्हतोसुद्धा, कँटीनमध्ये सांबारभात खात होतो. चमचा हातातून पडला.

२०.१६.

६ ऑगस्ट, मंगळवार

म्हणजे कापणं नाही. काढलेलं माप. मूळ माप मी काढलं, ते माझ्याकडून गेलं. कापणारा कोणीही असो.

एका सेटला १.२०. चाळीसांना ४८.००. त्यातून पहिल्या शाफ्टचे ०.२४ वजा, ४७.७६ उरले.

अंगठा २०.१६.

शेटना म्हटलं, माझी ड्रॉइंगं परत द्या. का, विचारलं. मी म्हटलं, तब्येत. ते म्हणाले, ड्रॉइंगला कुठं तब्येत लागते. मग माझ्या हाताकडं पाहून म्हणाले, हात वाळलाय अण्णा, जेवता की नाही, घरून अक्का तुमच्यासाठी डबा पाठवील. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. चांगला माणूस. त्याला काय सांगू.

९ ऑगस्ट, शुक्रवार

हातमोजा घालतो. मोज्याच्या बोटांत कॉटन वेस्ट, मशीन पुसायचा दोऱ्यांचा गुंता, कोंबलं आहे.

वीणानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, हात दाखवा. डावा दाखवला. म्हणाली, अहो, उजवा. नेटवर्क गेलं असं सांगून बंद केला. ती म्हणाली होती, निघून या. तिकीट काढलं तर सकाळी कोल्हापूर. पण ड्रॉइंगं इथंच राहणार. मी कुठंही असलो तरी मशीन इथं चालणार.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सेटचा पूर्ण कागद, सगळे भाग एकत्र, मॅडमनी चढवून छापून आणला. उद्यापासून उत्पादन. त्याआधी मी तपासून सही करायची. माझ्या सहीशिवाय मशीन लावायचं नाही, हा नियम मीच इथं आल्यावर घालून दिला होता.

वाचायला घेतलं. रॉकर शाफ्ट १५.६४. वॉटर पंप १२.३९. गजन पिन १९.००.

मॅडमनी रकाना चुकवला होता. ‘मूळ माप’ऐवजी सगळीकडं ‘मिळालेलं माप’ चढलं होतं. वरपासून खालपर्यंत झिजलेले आकडे.

पेन डाव्या हातात होतं. उजव्यात राहत नाही. मॅडम समोर उभ्या होत्या, घाई करत होत्या, मुलीला शाळेतून आणायचं होतं. म्हणाल्या, “सर, सगळं सरी ना? तुमचंच कॉपी केलंय मी.”

सही केली असती तर चाळीस सेट झिजलेले निघाले असते. मला काहीच झालं नसतं. आधी करून पाहिलेलं आहे. भाग लोकांनी परत पाठवले असते, शेट रागावले असते, ऑर्डर गेली असती. हात राहिला असता. एवढंच करायचं होतं, नाव लिहायचं आणि कागद परत द्यायचा.

मी कागद परत दिला नाही. प्रत्येक आकडा खोडला. शेजारी बरोबर आकडा लिहिला. डाव्या हाताचं अक्षर वेडंवाकडं, पण आकडे वाचता येतात. मॅडम दोनदा सॉरी म्हणाल्या. म्हणाल्या, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही सर.

मला त्याचं बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

सही केली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रॉकर शाफ्ट. सकाळी नऊला मशीन लागलं. मी ऑफिसात बसून होतो. प्रत्येक नग पडल्याचा आवाज येतो, टण्. मोजू नये म्हटलं. मोजले. संध्याकाळपर्यंत वीस.

१५.३६.

१४ ऑगस्ट, बुधवार

उरलेले एकोणीस.

१०.८०. निम्मा. रेघ कोपरावर.

हातमोज्यात आणखी कॉटन वेस्ट.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. झेंडा. मॅडमनी लाडू दिला, तो मी डाव्या हातानं घेतला. त्यांनी मोज्याकडं पाहिलं आणि दुसरीकडं पाहिलं.

दिवसभर तेवढंच राहिलं. १०.८०. खोलीवर बसून गणित केलं. उद्या वॉटर पंपाचे शाफ्ट. चौतीस नग झाले की ०.२६ उरेल. पस्तिसाव्याला ०.३१ लागणार. पुरत नाही.

मग उरलेलं कुठून घेणार —

१६ ऑगस्ट, शुक्रवार

शेटना जाऊन सांगितलं. सगळं. आकड्यांसकट. मोजा काढला.

त्यांनी जवळ येऊन पाहिलं. मग दार लावून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, अण्णा, हा मोठा आजार आहे, मी आजच मोठ्या डॉक्टरला फोन करतो, खर्च माझा. मी म्हटलं, मशीन थांबवा. ते म्हणाले, मशिनीचा काय संबंध.

त्यांनी मशीन थांबवलं नाही. मला खुर्चीत बसवून ते फोन करायला बाहेर गेले आणि मी बसून ऐकत राहिलो. टण्. टण्.

चौतीस.

पस्तीस —

त्याच दिवशी, दुपारी

डावा मोजता येत नाही. धरणार कशानं.

टेबलावर ठेवून व्हर्निअर लावला. अंगठा बारीक झाला आहे. किती, ते नीट — आकडा लागत नाही. पहिल्यांदाच.

दुखत नाही. काहीच होत नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टर सोमवारी. तोपर्यंत गजन पिना. चार गुणिले चाळीस —

रेघ खांद्यावर. छातीवर पेन फिरवून पाहिलं. डावीकडं कळतं. उजवीकडं नाही.

वीणाला फोन लावला. ती बोलत होती. मी हं हं म्हणत होतो. सोमवारी रात्री निघते म्हणाली. हं म्हटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टरकडं जायला शेट गाडी आणायला गेले. मी ऑफिसात —

पुण्याच्या एकाचं पत्र आलं आहे. पाच तारखेचा नमुना शाफ्ट शेटनी त्याला पाठवला होता. लिहितो, शाफ्ट बसवून पाहिला, नव्याहून नवा, हे मूळ माप ज्यानं काढलं त्याचं नाव भागांवर कोरून द्या. आणि त्यांच्या मंडळींना शंभर सेट पाहिजेत.

मॅडमनी नवा कागद आणला. शंभरांचा. या वेळी रकाना बरोबर आहे. खाली रेघ, रेघेखाली माझं नाव छापलेलं. म्हणाल्या, सर, आज नाही केलंत तरी चालेल. डोळे पुसत होत्या.

सही केली नाही तर हे शंभर थांबतील. हे मला माहीत आहे. मशीन माझ्या सहीशिवाय लागत नाही.

पण मापं बरोबर आहेत. चारदा पाहिली. एक शतांश कुठं चूक नाही. बरोबर मापांवर सही करत नाही, तर कारण काय लिहू —

पेन दोन बोटांत अडकवलं आहे. घट्ट आहे की सैल, बघून ठरवावं लागतं. कागदावर नाव वेडंवाकडं जायला नको, गिऱ्हाइकं बघतात. आधी इथं वहीत करून —

श्रीरंग

श्रीरंग

श्रीरं